आवडती संस्कृती निवडताना आधी फुल्या मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'एज ऑफ एम्पायर्स २' या मध्ययुगीन डावपेचांच्या संगणक-खेळावर काहीही लिहून आले, की त्यात 'सर्वांत बलवान पाच संस्कृती' अशी एक चौकट हमखास असते. (संस्कृती म्हणजे खेळाडू ज्या समाजाकडून खेळतो तो.) नवा खेळाडू ती वाचतो, पहिल्या क्रमांकाची संस्कृती निवडतो, आठवडाभर हरतो आणि मग खेळालाच नावे ठेवतो. इथे प्रश्नच उलटा विचारला गेलेला असतो. एखादी संस्कृती आपली म्हणून धरायची, तर तिला काय दिले आहे याच्या आधी तिला काय नाकारले आहे ते पाहावे लागते. त्या चौकटीत नेमके तेच नसते, म्हणून हे पत्र.

१९९९ साली हा खेळ आला तेव्हा त्यात १३ संस्कृती होत्या. पुढच्याच वर्षीच्या विस्तारात ५ वाढल्या. एवढ्या तोंडपाठ करता येत होत्या. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशन या नव्या आवृत्तीची सुरुवात ३५ ने झाली आणि मे २०२५ मध्ये आकडा ५० वर पोचला. (त्या वेळी आलेली वेई, शू, वू ही तिसऱ्या शतकातली चिनी राज्ये मध्ययुगाच्या खेळात कशी, यावरून खेळाडूंमध्ये बरीच भांडणे झाली. ती रास्तच होती.) पन्नासांतून एक निवडायची म्हटल्यावर माणूस तयार यादीकडे वळणारच.

पण या पन्नास संस्कृती म्हणजे पन्नास वेगळे खेळ नव्हेत. तुकड्या आणि सुधारणांचे झाड, म्हणजे टेक ट्री, जवळपास एकच आहे. प्रत्येकीसाठी त्याच्या काही फांद्या छाटल्या आहेत आणि दोन-चार कलमे बांधली आहेत. निवडीच्या पडद्यावर कलमे ठळक दिसतात. छाटलेल्या फांद्या मात्र टेक ट्री उघडल्यावर लाल फुलीच्या रूपात सापडतात, आणि तो पडदा डाव सुरू होण्याआधी सहसा कोणी उघडत नाही.

फ्रँकांचे उदाहरण घ्या. नवख्याला सगळे जण हीच संस्कृती सुचवतात, आणि त्यात चूक नाही. घोडदळाला २० टक्के जादा एचपी (मार सोसायची ताकद), शेतीच्या सुधारणा फुकट, किल्ले स्वस्त. शेतीच्या तीन सुधारणांना इतर सगळे मिळून ४५० अन्न आणि ४५० लाकूड मोजतात. फ्रँकांनी गिरणी बांधली, की त्या त्या युगात त्या आपोआप होतात. (खेळात डार्क, फ्यूडल, कॅसल आणि इम्पीरियल अशी चार युगे लागोपाठ येतात.) नवखा माणूस गिरणीवर क्लिक करायला हटकून विसरतो, त्यामुळे ही देणगी त्याच्या विशेष उपयोगाची. आता तबेल्याकडे या. तिथे ब्लडलाइन्सवर लाल फुली आहे. ब्लडलाइन्स म्हणजे १५० अन्न आणि १०० सोने देऊन प्रत्येक घोडेस्वाराला २० एचपी. नाइट म्हणजे जड घोडेस्वार; त्याचे मूळ एचपी १००. फ्रँकांचा नाइट १२० चा, इतरांचाही ब्लडलाइन्सनंतर १२० चाच. म्हणजे इथे फायदा फक्त वाचलेल्या खर्चाचा आणि वेळेचा. एक पायरी खाली उतरा. स्काउट या हलक्या घोडेस्वाराचे एचपी ४५. फ्रँकांचा ५४ चा होतो, ब्लडलाइन्स घेतलेल्याचा ६५ चा. त्यामुळे फ्यूडल युगात फ्रँक आधी पुढे असतात आणि समोरच्याचे ते संशोधन पुरे झाले की मागे पडतात. फ्रँकांचा स्काउट हल्ला त्या आधी पोचला तर पोचला. रेंगाळला तर ८० अन्नाचा एकेक घोडा फुकट मरतो.

वरच्या टोकाला चित्र पुन्हा पालटते. पॅलाडिन हे नाइटचे शेवटचे रूप. त्याचे मूळ एचपी १६०, म्हणजे फ्रँकांचे १९२ आणि इतरांचे १८०. बारा एचपी म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण सगळ्या सुधारणा झालेला हॅलबर्डियर (भालेवाल्याचे शेवटचे रूप) पूर्ण चिलखतातल्या पॅलाडिनला एका घावात ३७ ची इजा करतो. १८० चा पाचव्या घावाला पडतो, १९२ च्याला सहावा लागतो. 'फ्रँकांचे घोडे दणकट' या वाक्यामागचा अर्थ हा एक जादा घाव आहे, आणि तो इम्पीरियल युगातला आहे.

मग फ्रँकांना नाकारले काय? तिरंदाज. आर्बलेस्टर (तिरंदाजाचे शेवटचे रूप) नाही, ब्रेसर (बाणांची शेवटची सुधारणा) नाही. समोरच्याने भाल्यांची भिंत उभी केली, की लांबून ती विरघळवायला फ्रँकांकडे चांगला धनुर्धर नसतो. उपाय आहे तो कुऱ्हाडफेक्यांचा, आणि ते फक्त किल्ल्यातून निघतात. किल्ला म्हणजे दगड. म्हणून कॅसल युगात पोचल्यावर तीन-चार गावकरी दगडावर लावले नाहीत, तर फ्रँकांचा डाव पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास अडकतो. 'नाइट काढा आणि जिंका' एवढेच वाचून आलेला खेळाडू इथेच गोंधळतो: आधी जिंकत होतो, मग अचानक काय झाले? अचानक काही झालेले नसते. फुली पहिल्या मिनिटापासून तिथेच होती.

ब्रिटनांचे याच्या उलट. क्रॉसबोमन या तिरंदाजाचा पल्ला ५, लोहाराकडच्या दोन सुधारणांचे २ आणि ब्रिटन असल्याचा कॅसल युगात १, असे ८ होतात. मँगोनेल या दगडफेक्या यंत्राचा पल्ला ७. इतरांचे तिरंदाज मँगोनेल दिसला की पांगतात, ब्रिटनांचे आधी मारू शकतात. क्रेसी (१३४६) आणि अझँकूर (१४१५) इथल्या लांब धनुष्यांची कीर्ती खेळात या एका आकड्यात उतरली आहे. पण थंब रिंग या नेम सुधारणाऱ्या संशोधनावर फुली. त्यामुळे क्रॉसबोमनचा नेम ८५ टक्क्यांवरच थांबतो आणि लांबच्या लक्ष्यावरचे बरेच बाण मातीत जातात. तिरंदाज मोजकेच असतील तर ही उणीव बोचते. तीस-चाळीस असतील तर झाकली जाते. म्हणजे ब्रिटन आवडायचे असतील, तर संख्या टिकवण्याचा सराव हवा. हल्ला करायला गेलेली टोळी वाचवून परत आणणे ज्याला जमत नाही, त्याला ही संस्कृती मानवणार नाही. घोडा अंगावर आला की मागे सरकायचे, भालेवाले पुढे करायचे, मग पुन्हा बाण. हे ज्याला रटाळ वाटते त्यानेही तिच्या नादी लागू नये.

फुल्यांचा सर्वांत क्रूर हिशेब तुर्कांचा. बंदुकी-तोफांच्या तुकड्यांना २५ टक्के जादा एचपी, सोने खणण्याचा वेग २० टक्के जास्त, त्या तुकड्यांसाठी लागणारे केमिस्ट्री हे संशोधन फुकट. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या तटापुढे उभ्या राहिलेल्या तोफा ज्यांना आठवतात, त्यांना तुर्क घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. पण पाइकमनवर (सुधारलेला भालेवाला) फुली, एलिट स्कर्मिशरवर (सुधारलेला भालाफेक्या) फुली. खेळातल्या नेहमीच्या लढाऊ तुकड्यांपैकी भालेवाले, स्कर्मिशर आणि हलके घोडदळ या तीनच तुकड्यांना सोने लागत नाही. सोने संपल्यावर संस्कृती मुख्यतः यांच्यावरच जगते. तुर्कांच्या तीनपैकी दोन वाटा बंद. उरतो तो हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाचे सुधारलेले रूप. गावाजवळची सोन्याची मुख्य खाण ७ चौकटींची, प्रत्येकीत ८०० सोने, एकूण ५,६००. नाइटला ७५ सोने धरले, तर या खाणीतून ७४ नाइट निघतात; ५० सोन्याचे बंदूकधारी काढले तर ११२. खाणी आणखी असतात, पण त्या गावापासून दूर आणि शत्रूच्या वाटेवर. तुर्क खेळणाऱ्याने म्हणून दुसरी खाण पहिली संपायच्या आधी तटबंदी करून धरली पाहिजे. ती धरता येत नसेल, तर तुर्कांची घड्याळाशी शर्यत असते आणि समोरच्याला फक्त थांबून राहायचे असते.

ॲझटेक आणि मायांना तर तबेलाच नाही. कोलंबसपूर्व अमेरिकेत घोडे नव्हते, हे खेळाने प्रामाणिकपणे पाळले आहे. त्यांच्याकडे घोडदळाच्या जागी गरुडयोद्धे असतात. २० अन्न आणि ५० सोने अशी त्यांची किंमत. बाणांना चिवट, तलवारीपुढे कच्चे. ज्याला घोडा सोडवत नाही त्याने इकडे फिरकू नये, एवढेच म्हणतो.

फुल्यांनंतर पाहायची ती पहिली दहा मिनिटे. इथे आकडे फार बोलके आहेत. एक गावकरी ५० अन्नाचा आणि २५ सेकंदांचा. सुरुवातीला ३ गावकरी, १ स्काउट, २०० अन्न, २०० लाकूड. गावकरी जिथून निघतात त्या टाउन सेंटरमध्ये ५ जणांची सोय. म्हणजे घर न बांधता एकच नवा गावकरी निघेल. म्हणून पहिल्या क्षणी दोन गावकऱ्यांनी २५-२५ लाकडाची दोन घरे उभी करायची आणि टाउन सेंटरवर चार गावकऱ्यांची रांग लावायची. ही रांग १०० सेकंद चालते. तेवढ्या वेळात मेंढ्यांचे अन्न येऊ लागले पाहिजे. पहिले सहा मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, मग एकाने रानडुक्कर ओढून आणायचे, पुढचे बोरीवर. एका डुकरात ३४० अन्न असते, तीन मेंढ्यांपेक्षा जास्त. साध्या गावकऱ्याचे एचपी २५ आणि डुकराचा घाव ७ चा, म्हणजे चार घावांत गावकरी गेला. ५० सोने देऊन लुम हे गावकऱ्यांना चिवट करणारे संशोधन घेतले, की तोच गावकरी सातव्या घावाला पडतो. डुक्कर ओढताना टाउन सेंटर लांब वाटत असेल, तर आधी लुम घ्यावे. जाणकार हसतील, हसू द्यावे.

२१ गावकरी होईपर्यंत टाउन सेंटर एकदाही रिकामे राहिले नाही, असे धरू. ३ पासून २१ पर्यंत १८ गावकरी, ४५० सेकंद. लुमचे २५. म्हणजे ७ मिनिटे ५५ सेकंदांना फ्यूडलचे ५०० अन्न भरता येते, आणि १३० सेकंदांनी, १० मिनिटे ५ सेकंदांना, युग बदलते. नवखा खेळाडू हेच अन्न साधारण अकराव्या मिनिटाला भरतो. मधली तीन मिनिटे म्हणजे न निघालेले सात गावकरी. कोणत्याही संस्कृतीची कोणतीही देणगी त्या वेळेपर्यंत सात गावकऱ्यांच्या मोलाची नसते. 'माझी संस्कृती दुबळी आहे' या तक्रारीतला मोठा भाग असा रिकाम्या टाउन सेंटरचा असतो.

या कसोटीवर यादीतल्या नामवंत संस्कृती वेगळ्याच दिसू लागतात. चिनी ६ गावकऱ्यांनिशी सुरू करतात, वाचायला छान. पण त्यांचे अन्न शून्य आणि लाकूड १५० असते. पहिले ५० अन्न हाती येईपर्यंत टाउन सेंटर नुसते उभे. त्यात गावकरी एका खेपेला १० अन्न उचलतो आणि ओझे भरल्याशिवाय स्वतःहून ते जमा करत नाही. चिनी खेळणारे मुरलेले लोक सहाही जणांना मेंढीवर लावतात आणि ओझी पुरती भरायच्या आतच त्यांना टाउन सेंटरवर पाठवून ५० चा आकडा गाठतात. ही चार-पाच सेकंदांची कसरत ज्याला येत नाही, त्याच्या हातात ही मातब्बर संस्कृती लंगडीच चालते.

हूणांना घरे बांधावी लागत नाहीत, पण सुरुवातीला १०० लाकूड कमी मिळते. २१ गावकरी आणि एक स्काउट सामावायला इतरांना चार घरे लागतात, म्हणजे बरोबर १०० लाकूड. फ्यूडलपर्यंत हिशेब बरोबरीत सुटतो. वाचतो तो घरे बांधणाऱ्याचा वेळ, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'घर बांधायचे राहिले' ही चूकच होत नाही. पुढे २०० जणांपर्यंत जाताना तर एकूण ३९ घरांचे ९७५ लाकूड वाचते. ज्याची रांग सतत घरावाचून अडते, त्याला हूणांइतकी कनवाळू संस्कृती दुसरी नाही.

मंगोलांच्या शिकाऱ्यांचा वेग ४० टक्के जास्त. पण दोन डुकरांचे ६८० अन्न संपल्यावर हा वेग वापरायचा कशावर? हरणांवर. ती टाउन सेंटरपर्यंत स्काउटने ढकलत आणावी लागतात, आणि तोवर नकाशा पाहायचा राहून जातो. हरणे ढकलायचा कंटाळा असेल, तर मंगोलांची अर्धी मिळकत रानातच राहते. वायकिंगांना व्हीलबॅरो (गावकऱ्यांचा वेग आणि ओझे वाढवणारे संशोधन) फुकट. इतरांना त्यासाठी १७५ अन्न, ५० लाकूड आणि टाउन सेंटरची ७५ सेकंदे, म्हणजे तीन गावकऱ्यांचा वेळ द्यावा लागतो. ट्यूटनांचे ६० लाकडाचे शेत ३६ ला पडते. वीस शेतांमागे ४८० लाकूड वाचते. पण त्यांच्या घोड्यांना वेग वाढवणारी हजबंड्री नाही. संथ चालायची तयारी असलेल्यांनीच ट्यूटन घ्यावेत.

उपखंडातल्या चार संस्कृतींविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण आपले वाचक त्यांच्याकडे वळण्याचा संभव अधिक. एप्रिल २०२२ च्या विस्तारात जुन्या 'इंडियन्स'चे नाव हिंदुस्तानी झाले आणि बंगाली, द्रविडी, गुर्जर अशा तीन नव्या संस्कृती आल्या. या चौघींत कोणाकडेही नाइट नाही. बाजारातली बहुतेक शिकवणी मात्र नाइटवर उभी आहे: फ्यूडलमध्ये स्काउट, कॅसलमध्ये दोन तबेल्यांतून नाइट. ती जशीच्या तशी हिंदुस्तानींवर चालवली की कॅसल युगात तबेल्यासमोर येऊन माणूस थबकतो. तिथे आहे उंट: ५५ अन्न, ६० सोने. घोडदळाला तो भारी पडतो, पण तिरंदाजांच्या घोळक्यात शिरला की नाइटसारखा टिकत नाही. हिंदुस्तानींचे खरे बळ दुसरीकडे आहे. त्यांचा गावकरी पहिल्या युगात ८ टक्के स्वस्त, आणि सवलत दर युगाला वाढत कॅसलमध्ये १८ टक्क्यांवर जाते. ५० चा गावकरी तेव्हा ४१ ला पडतो. म्हणून कॅसलमध्ये हल्ल्याची घाई न करता तीन टाउन सेंटर उभी करून गावकरी वाढवायचे आणि पुढे इम्पीरियलमध्ये बंदूकधारी काढायचे, ही त्यांची सरळ वाट. द्रविडींना प्रत्येक युग बदलताना २०० लाकूड मिळते. फ्यूडलमध्ये पोचताच १७५ लाकडाची तिरंदाजशाळा त्यातून उभी राहते. त्यांचे स्कर्मिशर २५ टक्के भरभर मारा करतात, आणि चोळांच्या आरमाराची आठवण ठेवून त्यांना पाण्यावरही चांगले बळ दिले आहे. पण ब्लडलाइन्स नाही, हजबंड्रीही नाही. मोकळ्या मैदानात समोरचा घोड्यांनिशी इकडून तिकडे धावू लागला, की द्रविडी मागे मागे राहतात. हत्ती काढून हे भरून निघेल असे वाटते, ते निघत नाही. हत्ती संथ, महाग, आणि समोरच्याच्या धर्मगुरूने तो फितवला की आपलाच हत्ती आपल्यावर चालून येतो.

नकाशाचा उल्लेख न करता क्रमवारी छापणे हे तर खेळपट्टी न सांगता संघ निवडण्यासारखे आहे. अरेबिया या मोकळ्या नकाशावर लवकरचा वेग लागतो. अरेनात प्रत्येकाभोवती आयता तट असतो, तिथे तुर्कांना सोने शांतपणे खणता येते. ब्लॅक फॉरेस्टमध्ये झाडी इतकी दाट, की झाडे पाडणारे ओनेजर (मँगोनेलचे सुधारलेले रूप) आणि सेल्टांसारखे २५ टक्के भरभर मारा करणारे वेढायंत्रवाले वरचढ ठरतात. बेटांवर हूणांचे घोडे किनाऱ्यावर चरत उभे राहतात.

तेव्हा निवड कशी करावी? टेक ट्री उघडून आधी पाच जागा बघाव्यात: ब्लडलाइन्स, थंब रिंग, हॅलबर्डियर, लोहाराकडची शेवटची चिलखते आणि शेवटची वेढायंत्रे. फुली जिथे असेल तिथली तुकडी डावाचा कणा करायची, तर ती उणीव भरून काढणारी देणगी त्या संस्कृतीला आहे का, ते आधी पाहावे. मग एकच नकाशा, एकच संस्कृती आणि एकच क्रम धरून दहा डाव खेळावेत. डाव संपल्यावर आकडेवारीच्या पानावर प्रत्येक युग कितव्या मिनिटाला गाठले ते दिसते. तेवढेच टिपून ठेवावे. हार पंधराव्या मिनिटाच्या आत होत असेल, तर संस्कृती बदलून काही साधणार नाही. ती सोने संपल्यावर होत असेल, तर फुल्या पुन्हा वाचाव्यात आणि खुशाल बदलावी. पहिली संस्कृती म्हणून घोडा आवडणाऱ्याने फ्रँक, बाण आवडणाऱ्याने ब्रिटन आणि घरे विसरणाऱ्याने हूण घ्यावेत, असे आमचे मत. बायझंटाइन मात्र पहिल्या महिन्यात नकोत. त्यांचे भालेवाले, स्कर्मिशर आणि उंट २५ टक्के स्वस्त असतात, पण समोरचा काय काढतो आहे हे वेळेत ओळखता आले तरच त्या स्वस्ताईला अर्थ. चुकीचा उतारा स्वस्तात मिळाला, तरी तो चुकीचाच.

आपणाकडे एकच विनंती. यापुढे अशी चौकट छापाल तेव्हा तीत नकाशाचे नाव, कोणत्या अपडेटनंतरची क्रमवारी आहे ते, आणि प्रत्येक संस्कृतीसमोर तिच्या दोन ठळक फुल्या द्याव्यात. वर दिलेले टक्के अपडेटगणिक थोडे इकडेतिकडे होतात. फुल्या त्यामानाने फार क्वचित हलतात.

आपला,
एक वाचक